मागे टाकले, मात केली की सरस ठरला? वरचढपणाचे शब्द निवडण्याची रीत

दादरच्या शाळेचा वार्षिक अहवाल असो, लालबागच्या मंडळाने नाक्यावर लावलेला अभिनंदनाचा फलक असो किंवा वृत्तपत्राच्या क्रीडापानावरची बातमी असो, अमक्याने तमक्यापेक्षा चांगली कामगिरी केली हे सांगण्याची वेळ मराठी लिहिणाऱ्यावर सतत येते. अशा वेळी 'मागे टाकले' किंवा 'बाजी मारली' हे शब्द सर्वांत आधी सुचतात आणि ते कुठेही चालतील अशा समजुतीने लिहिले जातात. वास्तविक या कुळातला प्रत्येक मराठी शब्द आपल्याबरोबर एक निवाडाही घेऊन येतो. चढती कामगिरी कशात झाली, समोर कोण होते, फरक किती होता आणि मार्ग कोणता होता, यांपैकी एखादी गोष्ट तो शब्द आपण न सांगताच सांगून टाकतो, आणि ती गोष्ट खरी नसेल तर वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही चुकीचे ठरते. म्हणून शब्द निवडण्याआधी काही गोष्टी क्रमाने ठरवाव्या लागतात.

पहिली पायरी: सरशी कोणत्या जातीची आहे?

सर्वांत आधी हे पाहावे की जे घडले ते मोजणीने सिद्ध झाले आहे, आमनेसामने झालेल्या लढतीत घडले आहे, की गुणवत्तेविषयीचे कोणाचे तरी मत आहे. या तीन गोष्टींसाठी मराठीत शब्दांचे तीन वेगवेगळे गट आहेत आणि त्यांची सरमिसळ हाच या विषयातला सर्वांत मोठा दोष आहे.

मोजणीचा गट म्हणजे 'मागे टाकणे', 'पुढे जाणे', 'ओलांडणे', 'आघाडी घेणे'. येथे आकडा बोलतो आणि दोन्ही पक्ष एकमेकांसमोर आलेले असण्याची गरज नसते. याचे मुंबईच्या माणसाला सहज पटेल असे उदाहरण कसोटी शतकांचे आहे. डॉन ब्रॅडमन यांच्या नावावर २९ कसोटी शतके होती. सुनील गावसकर यांनी १९८३ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध दिल्लीत २९वे शतक काढून त्यांची 'बरोबरी केली' आणि त्याच मालिकेत चेन्नईला ३०वे शतक काढून त्यांना 'मागे टाकले'. पुढे गावसकरांची संख्या ३४ झाली. सचिन तेंडुलकरने डिसेंबर २००४ मध्ये ढाक्याला त्यांची बरोबरी केली आणि डिसेंबर २००५ मध्ये दिल्लीत श्रीलंकेविरुद्ध ३५वे शतक काढून त्यांना मागे टाकले. या दोन्ही प्रसंगी 'मागे टाकले' हाच शब्द चपखल बसतो. 'तेंडुलकरने गावसकरांवर मात केली' असे लिहिले तर दोघे एकमेकांविरुद्ध खेळले असा अर्थ निघतो, आणि 'तेंडुलकर गावसकरांपेक्षा सरस ठरला' असे लिहिले तर शतकांची संख्या हाच फलंदाजीच्या थोरवीचा शेवटचा निकष आहे असा निवाडा आपण वाचकाच्या गळी उतरवतो. मुंबईच्या कोणत्याही मैदानाच्या कट्ट्यावर हा निवाडा वादाशिवाय मान्य होणार नाही. बातमीला तो देण्याचे कारणही नाही.

'विक्रम' या शब्दाबरोबर येणारी क्रियापदेही येथेच पाहून घ्यावीत. विक्रम 'करतात', 'नोंदवतात', 'मोडतात' किंवा 'मागे टाकतात'. शालेय क्रिकेटमध्ये आजाद मैदानावर १९८८ साली शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी केलेली ६६४ धावांची अभेद्य भागीदारी हा 'नोंदवलेला' विक्रम होता. कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये एका डावात नाबाद १००९ धावा काढल्या तेव्हा १८९९ सालापासून अबाधित असलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याने 'मोडला'. अलीकडे अशा ठिकाणी 'विक्रम मोडीत काढला' असे सर्रास छापले जाते. मोडीत काढणे म्हणजे निरुपयोगी ठरवून भंगारात टाकणे, आणि शंभरहून अधिक वर्षे टिकलेल्या विक्रमाला तसे म्हणणे मला तरी योग्य वाटत नाही. 'मोडला' हे सरळ क्रियापद पुरेसे आहे.

लढतीचा गट वेगळा आहे. 'हरवणे', 'पराभव करणे', 'मात करणे', 'नमवणे', 'सरशी होणे' हे शब्द समोर प्रतिस्पर्धी असेल तरच वापरावेत. 'मात' हा शब्द बुद्धिबळातून आलेला आहे, त्यामुळे त्याच्यात शह देऊन डाव संपवल्याचा भाव आहे. मराठीने त्याचा विस्तार करून त्याला संकट, आजार, परिस्थिती यांच्याशीही जोडले आहे आणि 'आजारावर मात केली' हे आता पूर्णपणे रुळलेले रूप आहे. मात्र 'आजाराला हरवले' यापेक्षा ते अधिक गंभीर आणि प्रौढ वाटते, हे श्रद्धांजली किंवा सत्काराचा मजकूर लिहिताना लक्षात ठेवावे. 'बाजी मारणे' हा शब्द लढत अटीतटीची होती आणि शेवटपर्यंत निकाल कोणाच्या बाजूला जाईल हे ठरत नव्हते, असे सुचवतो. म्हणूनच दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी हमखास छापले जाणारे 'यंदाही मुलींचीच बाजी' हे शीर्षक काळजीपूर्वक पाहिले तर सैल आहे. मुली आणि मुलगे एकमेकांविरुद्ध परीक्षेला बसत नाहीत, आणि जे दरवर्षी घडते त्याला बाजी म्हणत नाहीत. 'उत्तीर्ण होण्याच्या प्रमाणात मुली आघाडीवर' हे शीर्षक थोडे लांब आहे, पण मुली कशात पुढे आहेत हे ते सांगते. कोकण विभागाविषयीच्या बातमीत 'अव्वल' हा शब्द येतो तो मात्र बरोबर असतो, कारण अव्वल म्हणजे क्रमवारीत पहिला, आणि विभागांची क्रमवारी खरोखरच लागलेली असते.

तिसरा गट गुणवत्तेचा. 'सरस', 'उजवा', 'श्रेष्ठ', 'फिके पाडणे', 'झाकोळून टाकणे' हे त्यातले शब्द. येथे आकडा नसतो, तर पाहणाऱ्याचे मत असते, म्हणून ते मत कोणाचे हे वाक्यात यावे. 'उजवा' हा शब्द दोघांची तुलना असेल तेव्हाच शोभतो, कारण उजवे-डावे दोनच असतात. 'तिन्ही गायकांत हा उजवा' असे म्हणण्यापेक्षा 'तिघांत हा सरस' म्हणावे. 'फिके पाडणे' आणि 'झाकोळणे' यांत सूक्ष्म फरक आहे. ज्याच्यापुढे इतरांचे तेज कमी वाटू लागते तो इतरांना फिके पाडतो, पण झाकोळण्यात मागे पडलेल्याच्या गुणांवर अन्याय झाल्याची छटा असते. मोठ्या भावाच्या कीर्तीमुळे धाकट्याचे काम झाकोळले गेले, असे आपण म्हणतो तेव्हा धाकट्याचे कामही चांगले होते हे त्यात गृहीत असते.

दुसरी पायरी: प्रत्यय आणि कर्ता

शब्द ठरला की त्याला कोणता प्रत्यय लागतो ते पाहावे. या बाबतीत अनुभवी लिहिणारेही घसरतात, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. मार्च २०२४ मध्ये वानखेडे स्टेडियमवर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवून ४२वे अजिंक्यपद मिळवले. ही एकच घटना मराठीत अनेक परींनी सांगता येते: मुंबईने विदर्भाला हरवले. मुंबईने विदर्भाचा पराभव केला. मुंबईने विदर्भावर मात केली. मुंबईची विदर्भावर सरशी झाली. मुंबई विदर्भापेक्षा सरस ठरली. मुंबई विदर्भाला भारी पडली. मुंबई विदर्भाला पुरून उरली. अंतिम सामन्यात मुंबईने बाजी मारली.

या वाक्यांत विदर्भाची रूपे पाहावीत. हरवणे, भारी पडणे आणि पुरून उरणे यांना 'ला' लागतो. मात आणि सरशी यांना 'वर' लागते. पराभव 'चा' घेतो. सरस आणि उजवा यांना 'पेक्षा' किंवा 'हून' हवे. बाजी मारणे या वाक्प्रचाराला मात्र प्रतिस्पर्धी जोडताच येत नाही, म्हणून 'विदर्भावर बाजी मारली' असे लिहू नये. कशात बाजी मारली एवढेच त्याच्यापुढे येते: सामन्यात, निवडणुकीत, स्पर्धेत. 'वरचढ' हा शब्द 'ला' आणि 'पेक्षा' दोन्ही घेतो. 'मुंबई विदर्भावर वरचढ ठरली' अशी रचना छापून येते, पण त्यात 'वर' दोनदा येते आणि कानाला खटकते.

आता मुंबईची रूपे पाहावीत. जेथे क्रियापद सकर्मक आहे आणि काळ भूत आहे तेथे कर्त्याला 'ने' लागला आहे: मुंबईने हरवले, मुंबईने मात केली. जेथे क्रियापद ठरणे, पडणे, उरणे असे अकर्मक आहे तेथे 'ने' नाही: मुंबई ठरली, मुंबई पडली. दोन क्रियापदे एकाच वाक्यात जोडताना हा फरक विसरला जातो. 'मुंबईने विदर्भाला हरवले आणि अजिंक्य ठरली' या वाक्याच्या उत्तरार्धाला कर्ताच उरत नाही. 'मुंबई विदर्भाला हरवून अजिंक्य ठरली' किंवा 'मुंबईने विदर्भाला हरवून अजिंक्यपद मिळवले' असे लिहिले की दोष जातो. उलट दिशेची चूकही हल्ली वाढली आहे: 'मुंबई विदर्भावर मात केली' असे 'ने' गाळलेले वाक्य मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांच्या मथळ्यांत वारंवार दिसते. मराठीत हे चालत नाही. 'मी' आणि 'आम्ही' यांना 'ने' दिसत नाही म्हणून गोंधळ होतो, पण 'मी त्याला मागे टाकले' या वाक्यातही क्रियापद 'मी'प्रमाणे बदलत नाही, बोलणारी व्यक्ती स्त्री असो वा पुरुष.

'पेक्षा' आणि 'हून' हे शब्दयोगी आहेत, म्हणून ते आधीच्या शब्दाला जोडूनच लिहावेत. 'विदर्भा पेक्षा' हे रूप चूक, 'विदर्भापेक्षा' बरोबर. दोहोंच्या अर्थात फरक नाही, पण 'हून' आटोपशीर आहे आणि 'एकाहून एक सरस' यासारख्या ठसठशीत रचनांत तेच शोभते.

'भारी पडणे' वापरताना कर्ता सजीव आहे की निर्जीव हे पाहावे. मुंबई विदर्भाला भारी पडली म्हणजे वरचढ झाली, पण 'क्षेत्ररक्षणातला ढिसाळपणा संघाला भारी पडला' म्हणजे त्याची किंमत संघाला मोजावी लागली. आणि मुंबईच्या बोलण्यात 'काय भारी खेळला!' हे तिसरेच आहे. तेथे तुलना नाही, फक्त कौतुक आहे. औपचारिक लेखनात हा तिसरा 'भारी' टाळावा.

'पुरून उरणे' हा माझ्या मते या सगळ्यांतला सर्वांत बोलका वाक्प्रचार आहे, आणि म्हणूनच तो जपून वापरावा. एकाने अनेकांना तोंड दिले आणि तरीही त्याचे बळ शिल्लक राहिले, असा त्याचा अर्थ आहे. एकटी वकील समोरच्या चार वकिलांना पुरून उरली, असे म्हणावे. दोन तुल्यबळ संघांच्या लढतीत तो वापरला तर हरलेल्या संघाला कमी लेखल्यासारखे होते, म्हणून वरच्या यादीत तो आला असला तरी प्रत्यक्ष बातमीत मी तो विदर्भासाठी लिहिणार नाही. त्याच विदर्भाने २०२५ च्या उपांत्य सामन्यात नागपूरला मुंबईला ८० धावांनी हरवले. त्या घटनेसाठी 'परतफेड केली' किंवा 'उट्टे काढले' हे शब्द आहेत. ते आधीच्या पराभवाशी नाते सांगतात आणि वाचकाला मागचा सामना आठवून देतात.

तिसरी पायरी: फरक किती?

सरशी सांगितली की तिचे माप द्यावे. माप दिल्याने अर्धे विशेषण आपोआप गळून पडते. आकडा उपलब्ध असेल तर तो 'ने' किंवा 'नी' लावून येतो: १६९ धावांनी, तीन गुणांनी, दोन सेकंदांनी. क्रिकेटमध्ये नंतर फलंदाजी करणारा संघ जिंकला तर 'पाच गडी राखून' असे म्हणतात, 'पाच गड्यांनी' नव्हे. जे उरले त्यावरून फरक सांगण्याची ही पद्धत मराठी क्रीडालेखनात पक्की रुजली आहे.

टक्केवारीच्या बाबतीत विशेष सावध राहावे. एका शाखेचा निकाल ८० टक्के आणि दुसरीचा ९० टक्के लागला असेल तर 'दुसऱ्या शाखेचा निकाल दहा टक्क्यांनी अधिक' हे वाक्य संदिग्ध आहे, कारण ८० च्या दहा टक्के म्हणजे आठ होतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून 'पहिल्या शाखेचा ८०, तर दुसरीचा ९० टक्के' असे लिहिणे सर्वांत सुरक्षित. 'दुपटीने वाढले' या शब्दप्रयोगानेही असाच गोंधळ होतो. मूळच्या दुप्पट झाले की मुळात दुपटीची भर पडून तिप्पट झाले, हे कळत नाही. 'दुप्पट झाले' म्हणावे.

आकडा नसेल तर भाषेत तयार मापे आहेत आणि ती फार सुंदर आहेत. अगदी थोडा फरक असेल तर 'काकणभर सरस' म्हणतात. 'दोघांचाही अभिनय उत्तम होता, तरी तिचा काकणभर सरसच' या वाक्यात दुसऱ्याचा मान राखून पहिल्याला झुकते माप दिले आहे. 'तसूभर' हे मापही तेवढेच छोटे आहे, पण ते नकारातच वापरतात: धाकटी थोरलीपेक्षा तसूभरही कमी नाही. विजयासाठी 'निसटता', 'निर्विवाद', 'दणदणीत', 'एकतर्फी' अशी चढती भाजणी आहे. यांपैकी 'एकतर्फी' हा शब्द लढतीचे वर्णन करतो, जिंकणाऱ्याची स्तुती करत नाही, हे लक्षात ठेवावे.

'सवाई' हे तर उघड उघड मापच आहे. सवाई म्हणजे एक आणि वर पाव. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, दीडकीबरोबर सवायकीही पाठ करून घेत असत. 'शेरास सव्वाशेर' या म्हणीत हेच माप आहे: समोरचा शेर असेल तर हा त्याहून पावशेर जास्त. बालगंधर्वांचे नाव महाराष्ट्रभर गाजत असताना रामभाऊ कुंदगोळकर यांना 'सवाई गंधर्व' ही उपाधी मिळाली, तिच्यातही ही तुलना आहे. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई एकांकिका स्पर्धा' प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला होते. वर्षभरातल्या वेगवेगळ्या स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकांची ती स्पर्धा असल्यामुळे पहिल्यांतली पहिली ठरणारी एकांकिका 'सवाई' म्हटली जाते. हे नाव अत्यंत नेमके आहे. सवाईसाठी आधी कोणीतरी पूर्ण 'एक' असावा लागतो. ज्याच्याशी तुलना करायची तोच सुमार असेल तर सवाई म्हणण्यात अर्थ नाही. 'शेरास सव्वाशेर' ही म्हण मात्र बहुधा खोडकर किंवा धूर्त माणसांविषयी वापरतात, त्यामुळे सत्काराच्या भाषणात ती टाळावी.

चौथी पायरी: नकारातूनच बोलणारे वाक्प्रचार

मराठीत वरचढपणा सांगण्याची एक खास ढब अशी की थोराला थोर न म्हणता इतर त्याच्याजवळ पोहोचत नाहीत एवढेच म्हणायचे. 'आजीच्या हातच्या पुरणपोळीची सर दुकानातल्या पोळीला येणार नाही', 'बोलण्यात तिचा हात कोणी धरणार नाही', 'हा त्याच्या पासंगालाही पुरत नाही', 'तिच्यापुढे कोणाचा टिकाव लागत नाही' ही अशी वाक्ये आहेत. पासंग म्हणजे तराजूची दोन्ही पारडी सम करण्यासाठी हलक्या बाजूला टाकलेले छोटे वजन. त्या वजनाइतकीही लायकी नाही, इतका हा शब्द कठोर आहे. हे वाक्प्रचार होकारात वापरता येत नाहीत. 'त्याला तिची सर आली' असे कोणी म्हणत नाही. होकारार्थी बरोबरी सांगायची असेल तर 'तोडीचा', 'तोडीस तोड' किंवा 'तुल्यबळ' हे शब्द घ्यावेत.

'सर' आणि 'पासंग' यांतला फरक औपचारिक लेखनात महत्त्वाचा आहे. सर येत नाही असे म्हटले तर प्रकाश थोरावर पडतो. पासंगाला पुरत नाही असे म्हटले तर दुसऱ्याचा अपमान होतो. समीक्षेत पहिला चालतो, दुसरा शक्यतो टाळावा.

पाचवी पायरी: मार्ग कसा होता?

काही शब्द सरशीबरोबर तिच्या मार्गावरही टीका करतात. 'कुरघोडी करणे' म्हणजे डाव टाकून दुसऱ्याच्या वर जाणे. राजकारणाच्या बातम्यांत तो योग्य आहे, पण 'विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेने इतर शाळांवर कुरघोडी केली' असे लिहिले तर आपल्याच शाळेवर ठपका येतो. 'शह' आणि 'काटशह' चालू असलेल्या डावपेचांचे शब्द आहेत. त्यांत अजून कोणी जिंकलेले नसते. 'चोरावर मोर' होणारा दुसऱ्या लबाडापेक्षा अधिक लबाड असतो. 'डोईजड' आणि 'शिरजोर' हे शब्द हाताखालच्या किंवा धाकट्या माणसाच्या वरचढपणाविषयी, आणि तेही तक्रारीच्या सुरात येतात. 'वरताण' मधल्या मार्गावर उभा आहे. 'मुलगी आईच्याही वरताण निघाली' हे वाक्य स्वयंपाकाविषयी असेल तर कौतुकाचे, हट्टीपणाविषयी असेल तर तक्रारीचे होते. म्हणून 'वरताण' लिहिताना कशात हे सांगणे अटळ आहे.

कुस्तीच्या आखाड्यातून आलेले शब्द मराठीत विपुल आहेत: चितपट करणे, अस्मान दाखवणे, धूळ चारणे, चारी मुंड्या चीत करणे, धोबीपछाड. हे सगळे जोरकस आणि चित्रमय आहेत, आणि क्रीडापानावर त्यांना जागा आहे. मात्र लहान मुलांच्या स्पर्धेच्या वृत्तात 'धूळ चारली' असे लिहिणे मला कधीच पटत नाही. धूळ चारलेला संघही कोणाच्यातरी शाळेचाच असतो आणि ते पत्रक त्याही घरी वाचले जाते.

स्पर्धेच्या वातावरणासाठीचे शब्दही याच कसोटीवर निवडावेत. 'चुरस' म्हणजे अटीतटीची पण निकोप स्पर्धा. 'चढाओढ' म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याच्या वर जाण्याचा पुन्हा पुन्हा केलेला प्रयत्न. दहीहंडीला गोविंदा पथके एकाहून एक उंच थर लावतात तेव्हा ती चढाओढच असते. 'अहमहमिका' हा संस्कृत शब्द 'मीच पहिला' या धडपडीसाठी आहे. तो 'अहमहिका' असा चुकीचा लिहिला जातो आणि त्याच्यात आत्मप्रौढीची छटा असते, म्हणून मदतकार्यासाठी धावून आलेल्या मंडळांविषयी तो वापरू नये.

दीर्घकाळ टिकलेल्या वरचढपणाला एका विजयाचे शब्द पुरत नाहीत. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा रणजी करंडक जिंकला. त्या काळासाठी 'वर्चस्व' हा शब्द आहे. 'दबदबा' म्हटले तर प्रतिस्पर्ध्यांच्या मनातला धाक दिसतो, 'मक्तेदारी' म्हटले तर इतरांना वाव मिळाला नाही असे सुचते, आणि 'वरचष्मा' बहुधा संस्था किंवा समितीतल्या प्रभावासाठी येतो.

निवडणुकीच्या मतमोजणीत 'आघाडी' या शब्दाची अडचण होते, कारण पक्षांच्या युतीलाही आघाडी म्हणतात. 'आघाडीने आघाडी घेतली' असे वाक्य टाळून 'आघाडीचे उमेदवार मतमोजणीत पुढे' असे लिहावे. शिवाय पुढे असणे म्हणजे जिंकणे नव्हे. निकाल जाहीर झाल्यावरच 'विजयी' आणि 'मताधिक्य' हे शब्द यावेत.

सहावी पायरी: श्रेष्ठ, सर्वश्रेष्ठ आणि 'पैकी एक'

औपचारिक मजकुरात संस्कृत शब्द येतात आणि त्यांची द्विरुक्तीही येते. 'श्रेष्ठ' आणि 'ज्येष्ठ' हे शब्द मुळातच वरच्या टोकाचे आहेत. म्हणून 'श्रेष्ठतम' आणि 'सर्वांत सर्वोत्तम' ही रूपे निरर्थक आहेत. 'सर्वोत्तम' किंवा 'सर्वांत उत्तम', यांपैकी एकच घ्यावे. 'ज्येष्ठ' वयाने किंवा अनुभवाने, 'वरिष्ठ' पदाने आणि 'श्रेष्ठ' गुणाने. नाट्यसंस्थेच्या पत्रिकेत 'वरिष्ठ अभिनेत्री' असे छापले जाते, ते 'ज्येष्ठ' हवे. अभिनेत्रीचे पद नसते.

'देशातील सर्वोत्तम गायकांपैकी एक' ही रचना आता सगळीकडे झाली आहे. ती मराठीच्या वळणाची नाही, आणि सर्वोत्तम अनेक असू शकत नाहीत ही अडचणही तिच्यात आहे. 'देशातील अग्रगण्य गायक', 'मोजक्या थोर गायकांत ज्यांची गणना होते' असे म्हटले की अर्थ तोच राहतो आणि वाक्य सरळ होते. 'अग्रेसर' आणि 'अग्रगण्य' यांतही भेद आहे. एखादी संस्था रक्तदानाच्या कामात अग्रेसर असते, म्हणजे पुढाकार घेते. अग्रगण्य म्हणजे मोजताना जिचे नाव आधी येते ती.

एक वाक्य दुरुस्त करून पाहू

शाळेच्या अहवालात असे वाक्य आले आहे असे समजू: 'आमच्या विद्यार्थिनींनी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत सर्व शाळांवर मात करून बाजी मारली व सर्वोत्कृष्ट ठरल्या.' पहिला दोष कर्त्याचा. 'विद्यार्थिनींनी' हे रूप 'ठरल्या'बरोबर जुळत नाही. दुसरा दोष शब्दाच्या जातीचा. वक्तृत्व स्पर्धेत प्रत्येक जण आपापले भाषण करतो, आमनेसामने लढत नसते, म्हणून 'मात' नको. तिसरा, मात, बाजी आणि सर्वोत्कृष्ट हे तीन शब्द एकच गोष्ट सांगतात. चौथा, किती शाळा होत्या, फरक किती होता आणि कशात सरस, यांतले काहीच कळत नाही.

या प्रश्नांची उत्तरे शिक्षिकेकडून मिळवली की वाक्य असे लिहिता येते: 'आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत २४ शाळांनी भाग घेतला. आमच्या शाळेच्या संघाने पाच गुणांच्या फरकाने प्रथम क्रमांक मिळवला. विषयाची मांडणी आणि स्पष्ट उच्चार या दोन्ही बाबतींत आमच्या विद्यार्थिनी सरस ठरल्या, असे परीक्षकांनी नमूद केले.' दुसऱ्या वाक्यात मोजणी आहे, तिसऱ्यात मत आहे, आणि ते मत परीक्षकांच्या नावे आहे.

नोकरीच्या अर्जात स्वतःविषयी लिहिताना तर हा नियम अधिकच कडकपणे पाळावा. 'मी सहकाऱ्यांपेक्षा सरस आहे' या वाक्याऐवजी 'शाखेतील सहा विक्री प्रतिनिधींमध्ये सलग दोन वर्षे माझी विक्री सर्वाधिक होती' असे लिहिले तर तुलना राहते, गर्व दिसत नाही आणि वाचणाऱ्याला पडताळून पाहण्यासारखे काही मिळते. शिफारसपत्रात मात्र दुसऱ्याविषयी मोकळेपणाने 'त्यांच्या तोडीचे काम करणारी व्यक्ती मला क्वचितच भेटली आहे' असे लिहावे. तेथे संकोच केला तर शिफारस अर्धवट राहते.

प्रमाणपत्र आणि मानचिन्हावरचा मजकूर शेवटी तपासावा, कारण तो कोरला गेल्यावर बदलता येत नाही. 'प्रथम क्रमांक पटकावला' हे बातमीत शोभते, प्रमाणपत्रावर 'प्राप्त केला' किंवा 'मिळवला' असे हवे. दोघांना सारखे गुण असतील तर 'प्रथम क्रमांक (विभागून)' असे दोघांच्याही प्रमाणपत्रावर छापावे, एकाच्याच नव्हे. 'उत्तेजनार्थ' या शब्दापुढे क्रमांक लिहू नये, कारण ते पारितोषिक क्रमवारीच्या बाहेरचे असते. आणि ज्या स्पर्धकाचे बक्षीस थोडक्यात गेले त्याच्याविषयी निवेदकाने 'तो कमी पडला' असे न म्हणता 'त्याचे पारितोषिक थोडक्यात हुकले' किंवा 'त्याने अखेरपर्यंत तोडीस तोड लढत दिली' असे म्हणावे.